गिरगावातल्या पोळी-भाजी केंद्राच्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

वजन आणि रक्तातली साखर आटोक्यात आणायला आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण दुपारी तुमचा डबा खातात. आहाराचा तक्ता आम्ही लिहून देतो, पण तो टिकणार की नाही हे तुमच्या ओट्यावर ठरतं. वर्षभरात तुम्ही डब्यात जे बदल केलेत, त्यांचे हे जाहीर आभार. तपशील मुद्दाम लिहितोय, म्हणजे घरी डबा करणाऱ्यांनाही तो उचलता येईल.

सगळ्यात आधी तेल. तुम्ही कॅनमधून ओतणं बंद केलंत आणि बरणीत ५ मिलीचा चमचा ठेवलात. एका चमच्यात साधारण ४० कॅलरी असतात. माणशी एक चमचा हे तुमचं माप. घरोघरी हा प्रयोग दोन-तीन दिवसांत फसतो, त्याला कारण आहे. पसरट कढईत एवढंसं तेल तळाला नुसतं पुसल्यासारखं लागतं, मोहरी तडतडत नाही, हळद करपते, भाजी कडवट होते आणि ‘हे आजाऱ्याचं जेवण’ म्हणून ताट बाजूला सरतं. तुम्ही फोडणी छोट्या खोलगट कढल्यात करता. तिथे तेल एका जागी साठतं, मोहरी त्यात बुडते, हिंगाचा वास सुटतो आणि मग ती फोडणी भाजीवर पडते.

आणि तुमचं ते झाकण! भाजीवर खोलगट ताटली, ताटलीत पाणी. खालची वाफ ताटलीच्या तळाला लागते, तिचे थेंब होऊन परत भाजीत पडतात, त्यामुळे भाजी तेलाशिवायही तळाला धरत नाही. कोरडी वाटली तर ताटलीतलंच गरम पाणी दोन चमचे घालायचं. गार पाणी घातलं की शिजणं थांबतं आणि फरसबी चिवट राहते. ही आपल्या आज्यांची रीत. तेल कमी करायला याहून चांगली युक्ती आम्हाला ठाऊक नाही.

डब्याची मांडणीही तुम्ही बदललीत. पूर्वी तीन पोळ्या, भात आणि कोपऱ्यात भाजी असायची. आता मोठा कप्पा भाजीचा, दुसऱ्यात उसळ किंवा घट्ट वरण, आणि दोन फुलके. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांतही साधारण निम्मं ताट भाज्या-फळांचं आहे. ३० ग्रॅम कणकेच्या फुलक्याच्या सुमारे १०० कॅलरी होतात. बटाट्याची भाजी असते त्या दिवशी तुम्ही एक फुलका कमी देता, कारण बटाटा पिष्टमयच. हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. लोणचं मागितलं तरच देता, तेही बरं. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं तर सुरुवात तिथूनच होते.

उसळीबद्दल वेगळे आभार. ३० ग्रॅम कोरड्या मुगात साधारण ७ ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यांनी पोट बराच वेळ शांत राहतं. पण एकदम मोठी वाटी सुरू केली की गॅस होतो आणि माणूस उसळच सोडतो. नव्या गिऱ्हाइकाला पहिला आठवडा अर्धी वाटी हे तुमचं धोरण अगदी योग्य. पावसाळ्यात मोड बांधून ठेवले की बुळबुळीत होऊन वास मारतात, म्हणून बोटभर मोड येण्याची वाट न बघता कोंब दिसताच धुऊन, निथळून तुम्ही फ्रिजमध्ये टाकता.

आता संध्याकाळची पुडी. वजनाचं गणित मुंबईत बिघडतं ते पाच ते नऊमध्ये. जेवण एकला, रात्रीचं ताट साडेनऊला, आणि मध्ये स्टेशनबाहेर वडापावची गाडी. तुम्ही डब्यासोबत ३० ग्रॅम भाजलेले चणे देऊ लागलात. सुमारे ११० कॅलरी, आणि लोकलमध्ये उभ्यानेही खाता येतात. ‘मला फक्त काकडी-टोमॅटो द्या’ म्हणणाऱ्यांना तुम्ही नकार देता, त्याचं मोल आम्हीच जाणतो. दुपारी उपाशी राहिलेला माणूस संध्याकाळी दुप्पट खातो आणि दोष स्वतःच्या मनाला देतो.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्याचा भात-पोळी कमी करण्याआधी ‘डॉक्टरांना विचारलंत का?’ असं तुम्ही विचारता. औषध तेवढंच आणि जेवण कमी झालं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. तुमच्या त्या एका प्रश्नाने मोठा धोका टळतो. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून कुणी हुरळून आलं, तर त्यात बरंचसं पाणीच असतं, हेही सांगत चला. पुढे आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झाला.

एक विनंती. श्रावणी सोमवारी साबुदाण्याच्या खिचडीऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी ठेवाल का? वरी डब्यात अर्धीच वाटी, दाण्याचं कूट माणशी दोन चमचे, आणि सोबत काकडीची दह्यातली कोशिंबीर भरपूर. उपासाची पहिली ऑर्डर आमच्याच लोकांची असेल.

आपले,
आहारसल्ल्याचं काम करणारे आम्ही सगळे