हजेरीपटात कष्टाचा रकाना नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ओझी वाहण्यापासून सुरुवात करून स्वतःचा कारखाना उभारणाऱ्या एका गृहस्थांवर आपण लेख छापलात. लेख वाचनीय होता आणि ते गृहस्थही खरोखर कष्टाळू दिसतात. माझी हरकत आहे ती शेवटच्या परिच्छेदाला. मनापासून राबणारा माणूस गरिबीत राहत नाही, आणि जो राहतो तो कुठेतरी कमी पडलेला असतो, असे लेखकाने तिथे सरळ म्हटले आहे. मी एकतीस वर्षे एका कारखान्यात कामगारांचे पगारपत्रक केले. कोण किती राबला आणि त्याच्या हाती काय पडले, हे दोन्ही आकडे दर महिन्याला माझ्याच अक्षरात कागदावर उतरत. त्या अनुभवावरून सांगतो, हे विधान खरे नाही.

पगारपत्रकात रकाने ठरलेले असतात. नाव, भरलेले दिवस, ओव्हरटाइमचे तास, एकूण, कपात, उचल, हाती दिलेली रक्कम आणि शेवटी सही किंवा अंगठा. कष्टाचा रकाना त्यात नसतो. तासांचा असतो, पण तो निराळा. मालखात्यात चढउताराचे काम करणारा माणूस आणि खुर्चीत बसून बेरजा करणारा मी, दोघांचेही तास आठच लागायचे.

त्या मालखात्यातल्या एका माणसाविषयी लिहितो. नाव देत नाही, त्याला ते आवडणार नाही. सलग सहा वर्षे त्याच्या नावापुढे एकही खाडा नव्हता. अंगात ताप असला तरी गडी पाळीवर हजर. दुसरा कोणी आला नाही तर त्याच्या जागी लागोपाठ दुसरी पाळीही करायचा. मग घरातले लहान मूल पडले, पाय मोडला, आणि त्याने पहिली उचल घेतली. पुढच्या महिन्यात ती पगारातून वळती झाली, म्हणून महिना पुरला नाही, म्हणून पुन्हा उचल. पुढची आठ वर्षे त्याच्या उचलीच्या रकान्यात शून्य आलेले मला आठवत नाही. महिन्याच्या शेवटी मी ‘मागील बाकी’ लिहायचो आणि तोच आकडा, थोडा इकडेतिकडे, नव्या पानावर उतरवायचो. पगाराच्या दिवशी तो माझ्या खिडकीशी नोटा मोजायचा नाही. बाहेर फाटकाशी उसने देणारा उभाच असायचा, मोजायचे काम तो करायचा.

या माणसाने कुठे कमी पडायला नको होते, ते लेखकाने मला सांगावे.

बचत करायला हवी होती, असे उत्तर येईल. पगाराचे शंभर भाग धरा. भाडे, खाणे, जाणे-येणे आणि औषधपाणी यांत सत्त्याण्णव गेले आणि तीन उरले, असे मानू. हे मी उदारपणेच मानतो आहे. एका महिन्याच्या पगाराएवढी शिल्लक जमवायला असे तेहतीस-चौतीस महिने लागतात, म्हणजे जवळजवळ पावणेतीन वर्षे. एवढ्या काळात घरात कोणी आजारी पडणार नाही, काम बंद राहणार नाही, घरमालक भाडे वाढवणार नाही, असे ज्याचे नशीब असेल त्याने बचतीवर व्याख्यान द्यावे. जास्त राबून उत्पन्न वाढवावे म्हटले तर दिवस चोवीस तासांचाच आहे. आठाचे बारा तास केले तर मिळकत दीडपट होते आणि पाठ कायमची जाते. दर तोच राहिला तर त्यापुढे वाट नाही.

हा काही माझाच शोध नव्हे. सीबोम राउंट्री हा इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातला चॉकलेट कारखानदारांच्या घरातला माणूस. म्हणजे मालकाच्या बाजूचा. त्याने १८९९ मध्ये त्या शहरातली कामगारांची घरे एकूण एक पाहणीत घेतली. माणूस केवळ धडधाकट राहायला जेवढे लागते तेवढाच खर्च धरून त्याने गरिबीची रेषा आखली. त्या हिशेबात रेल्वेगाडीचे भाडे नव्हते, परगावी असलेल्या मुलांना पत्र पाठवायला तिकीट नव्हते आणि, संपादक महाराज, वर्तमानपत्रही नव्हते. इतक्या खाली आखलेल्या रेषेच्याही खाली जे सापडले, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांच्या गरिबीचे कारण दारू, आळस किंवा बेकारी नव्हते. घरातला कर्ता नियमित कामावर जात होता, त्याची मजुरीच अपुरी होती. सव्वाशे वर्षे होत आली या हिशेबाला. आपण अजून कमी पडण्याबद्दलच बोलतो आहोत.

त्याने आणखी एक गोष्ट टिपली, ती मला त्याहून मोलाची वाटते. मजुराचे आयुष्य एका पातळीवर चालत नाही. लहानपणी हलाखी, स्वतः कमावू लागला की जरा बरे दिवस, लग्न होऊन दोन-तीन मुले झाली की पुन्हा ओढाताण, मुले कमावती झाली की थोडी उसंत, आणि म्हातारपणी परत हलाखी. बऱ्या दिवसांत त्याला पाहणारा म्हणतो, बघा, हा कष्टाने वर आला. पाच-सात वर्षांनी त्याच माणसाला पाहायला कोणी जात नाही. आमच्या पगारपत्रकांतही हे स्पष्ट दिसायचे. एकटा, बिनालग्नाचा पोरगा ओव्हरटाइम करून दोन पैसे बाजूला टाकायचा. चार वर्षांनी तोच उचलीच्या अर्जावर अंगठा करायला यायचा.

आता माझे स्वतःचे सांगतो, कारण ते न सांगणे लबाडीचे होईल. मी कारकून, म्हणून मला वेतनश्रेणी होती. दर वर्षी वेतनवाढ लागायची. ज्या वर्षी मी जीव तोडून काम केले त्या वर्षीही लागली आणि ज्या वर्षी अर्धा वेळ खिडकीबाहेर पाहत काढला त्या वर्षीही लागली. घर झाले, मुले शिकली. हे सगळे माझ्या कष्टाचे फळ, असे मी नातेवाइकांत सांगत असे. मालखात्यातल्या त्या माणसाचा रोजंदारीचा दर मात्र वर्षानुवर्षे जिथल्या तिथे. करार झाला की थोडा हलायचा, मग पुन्हा झोप. आम्हा दोघांत कमी कोण राबले, हे मला सांगायला नको.

मजुरी वाढवली की काय होते याचे सगळ्यांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या मोटार कारखानदार हेन्री फोर्डचे. त्याच्या कारखान्यात माणसे टिकत नव्हती. १९१३ मध्ये सुमारे १४ हजार जागा भरलेल्या ठेवायला वर्षभरात ५० हजारांहून अधिक माणसे घ्यावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये त्याने पाळी नऊ तासांवरून आठ तासांवर आणली आणि दिवसाची मजुरी साधारण दुपटीने वाढवून पाच डॉलरवर नेली. माणसे तीच, मोटारी जोडायचा सरकता पट्टाही तोच. फोर्ड काही संत नव्हता. हे पाच डॉलर मिळावेत म्हणून कामगाराच्या घरी निरीक्षक जाऊन घर स्वच्छ आहे का, माणूस पितो का, हे तपासत. पण गळती आटोक्यात आली. माणसे आळशी नव्हती, त्यांना राहणे परवडत नव्हते.

मजुरी वाढवली तर नोकऱ्या जातात, हा आक्षेप मी आमच्या व्यवस्थापकांकडून प्रत्येक कराराच्या वेळी ऐकला. कितीही वाढवा, काही होत नाही, असे मीही म्हणणार नाही. पण अमेरिकेत १९९२ मध्ये न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या खाद्यगृहांची तुलना केली. नोकऱ्या घटल्याचे त्यांना आढळले नाही. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. कार्ड यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

आमच्याकडे वर गेलेलेही होते, ते लपवत नाही. एक हेल्पर लेथचे काम शिकला, ऑपरेटर झाला आणि त्याचा पगार पाहता पाहता पावणेदोनपट झाला. तो हुशार होता, कामसूही होता. पण त्याला रात्रीच्या वर्गाला जाता आले ते ओव्हरटाइम सोडला म्हणून, आणि ओव्हरटाइम सोडणे जमले ते दोन वर्षे मोठ्या बहिणीने घर चालवले म्हणून. म्हणजे वर जाण्यासाठी त्याला आधी कमी तास काम करावे लागले. पाय मोडलेल्या मुलाच्या बापाला अशी कमावती बहीण नव्हती.

बांगलादेशात याची फार मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली आहे. ब्रॅक या संस्थेने २००७ पासून अतिगरीब स्त्रियांना गायीसारखे जनावर आणि सोबत प्रशिक्षण दिले. त्याआधी त्या दुसऱ्यांच्या शेतात किंवा घरांत मिळेल तेव्हा, मिळेल त्या दराने राबत. अर्थशास्त्रज्ञांनी या घरांचा अकरा वर्षे मागोवा घेतला. ज्यांच्या गाठीशी आधीपासून थोडे काही होते आणि गाय मिळाल्यावर ज्यांनी एक विशिष्ट पातळी ओलांडली, त्यांची चढती सुरू राहिली. ज्या थोडक्यासाठी खाली राहिल्या, त्या हळूहळू पूर्वीच्या जागी घसरल्या. गाय मिळाली ती दोघींनाही. फरक पडला तो हाताशी आधी काय होते याचा.

अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या, त्यांचा आकडाही लेखकाने पाहावा. १९४० साली जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुले तिशीत आईवडिलांपेक्षा जास्त कमावत होती. १९८० च्या सुमारास जन्मलेल्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले. चाळीस वर्षांत एक अख्खे राष्ट्र आळशी झाले, असे कोणी म्हणणार असेल तर माझे बोलणे खुंटले.

तरुणांना कष्ट करू नका असे सांगा, असा माझ्या पत्राचा अर्थ कोणी काढू नये. कष्ट न करणाऱ्याचे काय होते तेही मी पाहिले आहे, आणि ते अधिक लवकर होते. पण मालखात्यातल्या त्या माणसाने निवृत्तीच्या दिवशी अखेरचा हिशेब घेताना मला विचारले होते, “साहेब, माझा हिशेब बरोबर आहे ना?” बरोबर होता. उचलीची बाकी वळती करून उरले ते मी त्याच्या हातावर ठेवले. आपल्या पुरवणीतला तो लेख वाचून त्याने काय समजावे, हा माझा प्रश्न आहे.

यशस्वी माणसांच्या मुलाखती जरूर छापा. फक्त पुढच्या वेळी आपल्या लेखकाने एवढे विचारावे: तुम्ही वर येत होता त्या वर्षांत घरात कोण आजारी पडले होते, आणि तो खर्च कोणी केला?

आपला,
एक निवृत्त पगार कारकून