ब्रश पेन वापरायला देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मुद्दाम चारचौघांसमोर लिहिते आहे. तुम्ही तुमचे रोजच्या कामातले ब्रश पेन माझ्यासारख्या नवख्या मुलीच्या हाती दिलेत, याचं मोल चित्र काढणाऱ्यांना लगेच कळेल. फेल्टचं मऊ टोक एकदा दाबून चिरडलं की त्याची अणी परत येत नाही. तरी तुम्ही म्हणालात, "आधी सगळे वापरून बघ, मग काय घ्यायचं ते ठरव."

पेन कसा धरायचा हे तुम्ही हाताला धरून दाखवलंत. पेन तिरका ठेवायचा, टोक कागदात रोवत न्यायचं नाही, मागे ओढायचं. खाली येताना दाब, वर जाताना हलका हात. एकाच पेनाने पापणीचा केस आणि वेणीचा जाड पेड दोन्ही काढता येतात, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. जपानच्या कुरेताके कंपनीने १९७३ मध्ये ब्रश पेन आणला तो हाताने अक्षरं लिहिणाऱ्यांसाठी, हेही तुमच्याकडूनच कळलं. त्यानंतर मी रेषा काढण्याआधी नुसते फटकारे मारायला लागले.

पण सर्वात जास्त आभार शाईबद्दल. दुकानात सगळे पेन सारखेच दिसतात, आणि वेष्टनावरचा रंग बघून निवड होते. तुम्ही प्रत्येकाची एकेक पट्टी काढायला लावलीत. टोंबोच्या दोन तोंडांच्या पेनांची शाई पाण्यात विरघळणारी. प्लॅस्टिकच्या तुकड्यावर थोडी उतरवून ओल्या ब्रशने उचलली की जलरंगासारखी पसरते. फाबर-कास्टेलच्या पिट पेनांत रंगद्रव्याची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची, इंडिया इंक. वाळलेल्या रेषेवरून पाणी फिरवलं तरी ती हलली नाही. कॉपिकची शाई अल्कोहोलची. ती कागदाच्या पाठीपर्यंत उतरते, पण एकावर एक थर चांगले मिसळतात आणि कागद सुरकुतत नाही. त्यांचे क्रमांकही तुम्ही वाचायला शिकवलेत: ई०० फिका, ई०४ त्याच कुळातला गडद.

तुमच्या खिडकीतली ती अर्धी झाकलेली पट्टी मला फार आवडली. डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, शाई उन्हात किती विटते, ते झाकलेला भाग उघडताच समजलं. भिंतीवर लावायच्या चित्राला रंगद्रव्याची शाई, आणि स्कॅन करून छापायच्या चित्राला डाय चालेल, ही तुमची विभागणी मी आता तशीच पाळते.

कागदाबाबत तुमचा आग्रह मला आधी जरा जास्त वाटला होता, आता पूर्ण पटतो. खरखरीत कागद टोकाचे तंतू सोडवतो. पाण्याच्या शाईचे थर एकाच जागी घासले की कागदाचा लगदा वर येतो. ब्रिस्टल नावाच्या गुळगुळीत, जाड कागदावर ब्रश पेन किती सहज पळतो! माझ्या मते नव्याने शिकणाऱ्याने चोवीस रंगांचा संच घेण्याआधी चांगल्या कागदाचं पॅड घ्यावं.

सध्या मुलांच्या एका गोष्टीची चित्रं करते आहे. काळी रेष पिटची, ती पूर्ण वाळल्यावर आत टोंबोचे रंग, फिक्याकडून गडदाकडे. मुलीच्या ओढणीच्या चुण्या अजून मनासारख्या जमत नाहीत. तिथे दाब कुठे सोडायचा, ते तुम्हालाच विचारायचं आहे. पानं घेऊन लवकरच येते.

तुमची ऋणी,
एक विद्यार्थिनी