पिंजऱ्यात बॉल टाकला की झालं?

संपादक महोदय,
प्रयोगांसाठी माकडं लागतात हे एकवेळ मान्य करू, पण ती ठेवतात कशी यावर कोणी बोलतच नाही. अमेरिकेत १९८५ साली कायदा बदलून माकडांच्या मानसिक आरोग्याचाही विचार करायला लावला. कळपात राहणारा प्राणी, दिवसाचा बराच वेळ खाणं शोधण्यात नि एकमेकांच्या अंगावरच्या उवा-घाण वेचण्यात घालवणारा, त्याला एकटं कोंडलं की तो गोल गोल फिरत बसतो, स्वतःचेच केस उपटतो, चावे घेतो. मग एक बॉल टाकायचा, त्यालाही तो लवकरच कंटाळतो. त्यापेक्षा जुळणारा जोडीदार, उंच फळ्या, भुशात लपवलेले दाणे द्या, फार महाग नाहीये हो हे. आपल्या लॅबमध्ये तपासणीला जाणाऱ्यांनीसुद्धा पिंजऱ्याची लांबी-रुंदी मोजण्याआधी हे माकड एकटं का ठेवलंय ते विचारावं.
– एक वाचक, पुणे