कोरड्या उन्हाची भलामण ऐकून घर हलवू नये

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नोकरीसाठी किंवा निवृत्तीनंतर वाळवंटी हवेच्या शहरात बिऱ्हाड हलवावे का, असा विचार करणाऱ्यांना एक वाक्य हमखास ऐकवले जाते : ‘तिथला उन्हाळा कोरडा असतो, घामाची चिकचिक नसते, त्यामुळे काही जाणवत नाही.’ अशा हवेत मी सहा वर्षे काढली आहेत. वाक्य खोटे नाही. पण त्यातले ‘जाणवत नाही’ हेच शब्द जिवावर बेतू शकतात आणि त्यांचा अर्थ नीट न समजता निर्णय घेणारी कुटुंबे पाहिली की राहवत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हवा ४५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता १० टक्के असेल, तर ओले फडके गुंडाळलेला तापमापक वाऱ्यावर धरल्यास जेमतेम २१-२२ अंश दाखवतो. तेच ३३ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या दमट हवेत तो ३० अंशांच्या आसपास थांबतो. आपले शरीर म्हणजे असाच ओले फडके गुंडाळलेला तापमापक आहे. एक लिटर घाम वाळला की तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो आणि कोरड्या हवेत तो फार झपाट्याने वाळतो, म्हणून तिथे ४५ अंशही काही काळ सुसह्य वाटतात. मात्र हा सगळा गारवा अंगातले पाणी आणि मीठ खर्चून मिळालेला असतो आणि तो खर्च डोळ्यांना दिसत नाही.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट सांगते. भाड्याची घरे पाहायला सकाळी दहाच्या सुमारास मी पायी निघाले. तास-दीड तासात तीन घरे पाहून झाली. कपाळ कोरडे, कपडे कोरडे, तहानही बेताचीच, त्यामुळे सोबतची छोटी बाटली निम्मी भरलेलीच राहिली होती. चौथ्या घराच्या पायऱ्या चढताना पिंढऱ्यांत गोळे आले, डोके ठणकू लागले आणि घरमालकीणबाईंनी विचारलेला साधा प्रश्न कानावर पडूनही मला उत्तर जुळवता येईना. त्यांनी मला आत गारव्याला बसवले, मान आणि हात ओल्या कापडाने पुसले, पंखा लावला आणि मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले. तासाभराने बरे वाटल्यावर गडद निळ्या सदऱ्याची पाठ पाहिली, तर तिच्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले होते. घाम भरपूर गेला होता, फक्त ओघळ होण्याआधीच हवेने तो पिऊन टाकला होता.

तेव्हापासून मी तहानेवर विसंबत नाही. बाहेर कष्टाचे काम असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावे आणि तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नये, कारण मीठ न घेता नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातले सोडियम घटते आणि तेही घातक ठरते. लघवीचा रंग गडद होऊ लागला, तर पाणी कमी पडते आहे हे ओळखावे. बोलण्यात असंबद्धपणा आला, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून माणसाला सावलीत न्यावे, भरपूर गार पाणी ओतून अंग थंड करायला लागलीच सुरुवात करावी आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी.

शरीर या हवेला सरावते, हे खरे आहे. त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात : घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. पण हा सराव रोज थोडे थोडे उन्हात वावरूनच होतो आणि काही आठवडे थंड हवेत राहून आले की पुसला जातो. उष्णतेने दगावणाऱ्या कामगारांपैकी जवळपास निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी आणि सत्तर टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात दगावतात, असे अमेरिकेचे कामगार सुरक्षा प्रशासन सांगते. म्हणून भर उन्हाळ्यात सामान हलवणे आणि दुसऱ्या दिवशी स्वतः खोकी उचलणे, हा बेत मला तरी अविचारी वाटतो. थंडीच्या अखेरीस जावे, म्हणजे उन्हाबरोबर शरीरही हळूहळू चढत जाते.

दमट प्रदेशातल्या सवयी तिथे उलटतात, हेही ध्यानात घ्यावे. आपल्याला वाऱ्याची झुळूक म्हणजे सुख वाटते. पण त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते आणि हवा त्याहून बरीच तापली की वारा अंगात उष्णताच भरतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की ४० अंशांच्या वर विजेचा पंखा वापरू नये. तसेच उकडते म्हणून उघडे अंग ठेवण्यापेक्षा सैल, सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे बरे, आणि दुपारी खिडक्या उघडण्यापेक्षा पडदे ओढून घर बंद ठेवणे बरे.

घर निवडताना मी सर्वांत जास्त महत्त्व रात्रीला देईन. मोकळ्या वाळवंटात सूर्य मावळला की हवा पंधरा-वीस अंशांनी उतरते, पण शहरातले डांबर आणि काँक्रीट दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर सोडत राहतात. अमेरिकेतल्या फिनिक्स या वाळवंटी शहरात २०२३ मध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांच्या वर राहिले; अशा काळात पहाटेही उसंत मिळाली नाही, तर थकवा साचत जातो. त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीवर सावली आहे का, छताला उष्णतारोधक थर आहे का, वातानुकूलन यंत्र बंद पडले तर दुसरी सोय काय, हे घरमालकाला स्पष्ट विचारावे. नुसता पाण्याचा कूलर असेल, तर तो कोरड्या हवेत उत्तम चालतो. पण अनेक वाळवंटांत उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दमट वारे येतात आणि नेमके तेव्हा तो निकामी होतो.

ओठ फुटणे, टाचांना भेगा पडणे, नाकाचा घोळणा फुटणे यांची सवय होते. औषधांबाबत मात्र निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे, कारण लघवी वाढवणारी आणि मनोविकारांवरची काही औषधे शरीराची उष्णता सोसण्याची ताकद घटवतात आणि इन्सुलिन तापलेल्या जागी खराब होते. बंद मोटारीत दहा मिनिटांत तापमान सुमारे ११ अंशांनी चढते, म्हणून मूल किंवा पाळीव प्राणी तिथे क्षणभरही ठेवू नये.

शिवाय वाळवंट म्हणजे कोरडी हवा, हे समीकरणही सरसकट खरे नाही. दुबई आणि दोहा वाळवंटात असूनही समुद्रकाठी आहेत; तिथल्या उन्हाळ्यात कडक ऊन आणि दमटपणा एकत्र येतात, घाम वाळत नाही आणि वर सांगितलेला कोरडेपणाचा फायदा मिळत नाही. नकाशावरचा रंग पाहून अंदाज बांधू नये.

जायचे ठरत असेल, तर शक्य झाल्यास तिथल्या सर्वांत कडक महिन्यात आठवडाभर, सांभाळून राहून पाहावे. कंपन्या आणि घरविक्रेते पाहुण्यांना हिवाळ्यात बोलावतात आणि तेव्हा ती हवा स्वर्गीय असते. जाणे अशक्य असेल, तर वर्षातले ४० अंशांवरचे दिवस किती, त्या महिन्यांतले रात्रीचे किमान तापमान किती आणि दुपारची आर्द्रता किती, हे तीन आकडे मिळवावेत.

आपल्याला एक विनंती आहे. परदेशी शहरांच्या हवामानाच्या तक्त्यात आपण केवळ कमाल तापमान छापता. त्या शेजारी किमान तापमान आणि आर्द्रता असे दोन रकाने वाढवावेत.

आपली नम्र,
एक नियमित वाचक