मृगाच्या आत या

ठाणे, १८ मे

ती. आई आणि ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

फोन सोडून पत्र कशाला, असं आई म्हणेलच. फोनवर तू स्पीकर लावतेस, बाबा लांबूनच "माका काय एक होऊक नाय" म्हणतात, तू डोळ्याला पदर लावतेस आणि मग आपण आंब्याच्या पेटीचा भाव काय चाललाय ते बोलत बसतो. पत्र मात्र बाबा चष्मा लावून दोनदा वाचतात. दिनूकाकाचा रमेश उद्या रात्री निघतोय, त्याच्या हाती देते.

आधी जे करून बसलेय ते सांगते. ३ जूनची कोकणकन्येची तुमची तिकिटं काढली आहेत, कणकवली ते ठाणे, दोन्ही खालचे बर्थ. आणि यंदाची लावणी दिनूकाका करणार, अर्ध्या वाट्याने. बाबा, तुम्हाला न विचारता मी त्याच्याशी बोलले. जमिनीचं असं परस्पर ठरवायचं नसतं हे मला कळतं, आबांच्या वेळचं मी विसरलेले नाही. पण तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही "बघूया" म्हणाला असतात, आणि बघूया बघूया करत मृग लागला असता. तरवा त्याने त्याच्या वाफ्यात काढलाय. वरचा कोपरा तुमच्या पद्धतीनेच लावायचा असं मी त्याला तीनदा सांगितलंय. रागावायचं असेल तर पुढचं वाचून रागवा.

परवा मी एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी स्क्रीनवर दोन चित्रं शेजारीशेजारी लावली, कॅन्सरची किडनी काढली त्या ऑपरेशनच्या आधीचं स्कॅन आणि या एप्रिलमधलं. कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी आडवा काप घेतलेला. बाबा, सुरमईची तुकडी पाडली की मध्ये काटा आणि भोवती मांस दिसतं ना, अगदी तसं. जुन्या चित्रात मणक्याच्या दोन्ही बाजूंना भरदार मांस होतं. नव्यात ते आकसलंय, आणि मध्येमध्ये काळपट रेघा दिसतात, ती आत शिरलेली चरबी. पोटाच्या चरबीचा घेर मात्र जवळजवळ तेवढाच. म्हणूनच आपल्याला कळलं नाही. वजन साठावरून छपन्नवर आलं, चारच किलो, असं आपण म्हणत राहिलो. त्यातलं बरंचसं मांस होतं.

मला खरं तर गणपतीतच कळायला हवं होतं. बाबांचा सदरा खांद्यावर टांगल्यासारखा दिसत होता आणि मी हसून म्हटलं, "बाबा स्लिम झाले!" फोटोही काढला. तो अजून फोनमध्ये आहे, पुसत नाही.

आणि ते घड्याळ. पट्ट्याला तुम्ही दाभणाने दोन भोकं पाडलीत, एक दिवाळीत, एक शिमग्यात. मला दिसलं होतं. विचारलं नाही.

आई, आता तुझ्याशी बोलायचंय, आणि हे नीट वाच. तू कमी घातलंस म्हणून हे झालेलं नाही. तुझ्या हातचं खाऊन आम्ही सगळे वाढलो. रिपोर्टात सीआरपी म्हणून एक आकडा असतो, तो ५ च्या आत हवा, बाबांचा ४८ आला. अंगात दाह आहे असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकून तू लगेच आगळाची बाटली काढशील म्हणून सांगते, हा पित्ताचा दाह नाही, कोकमाने जायचा नाही. किडनी काढली तरी फुप्फुसात त्याच कॅन्सरचे ठिपके आहेत. ते, आणि त्यांच्याशी भांडणाऱ्या बाबांच्याच पेशी, रक्तात सारखे निरोप सोडत असतात. इंटरल्युकिन-६ हा त्यातला एक मोठा निरोप्या. तो यकृताला सीआरपी बनवायला लावतो, मग रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन मागे पडतं (साडेतीनच्या वर हवं, बाबांचं ३.१). भूक मारतो. आणि स्नायूंमधलं प्रथिन मोडायला लावतो. एका बाजूने तू भरतेस आणि दुसऱ्या बाजूने ते गळतं. उपाशी माणूस जेवला की भरून येतो, इथे नुसत्या जेवणाने तसं होत नाही, असं डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं.

संध्याकाळची ती कणकणही यातलीच. किडनीच्या या आजारात ताप येतो, रक्त कमी होतं, ईएसआर म्हणजे दाहाचा आणखी एक आकडा चढतो, हे डॉक्टरांना नवं नाही. आपल्याला नवं होतं. ऑपरेशनच्या आधी आपण तीनदा हिवतापाचं रक्त तपासून घेतलं आणि मध्ये दोन महिने काढे पाजले. जाऊ दे. तेव्हा कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

गोळ्या सुरू करायच्या आहेत हे तुम्हाला ठाऊक आहेच. पाझोपनिब नाव. नेहमीचा डोस ८०० मिलिग्रॅम, माणूस पन्नास किलोचा असो की शंभरचा. अंगावर मांस कमी असलं की या जातीच्या गोळ्यांचा त्रास जास्त होतो, म्हणून डॉक्टर कमीपासून सुरुवात करायचं म्हणतायत. पहिले काही आठवडे यकृताचं रक्त आणि बीपी सारखं बघावं लागतं, जुलाबही होतात. हे सगळं जूनमध्ये आपल्या घरी कसं करायचं? वीज गेली की दोन दिवस येत नाही, व्हाळाला पाणी आलं की रिक्षा येत नाही. म्हणून तिकिटं. गोळीने केस पांढरे होतात म्हणे, तेव्हा मिशीला कलप लावायचा त्रास वाचेल. डॉक्टरांनी आणखीही काही सांगितलं, ते समोर बसून बोलू. घाबरण्यासारखं असतं तर मी पत्र लिहीत बसले नसते, स्वतः आले असते.

डॉक्टरांकडच्या एप्रिलच्या चाचण्या आठवतात ना? मुठीत दाबायच्या यंत्रावर बाबांचं १९ किलो आलं. पुरुषांचं २८ च्या खाली गेलं की कमी धरतात. बाबा म्हणाले, "मशीनच बिघडलाहा." हात न टेकता खुर्चीवरून पाचदा उठायला १२ सेकंदांच्या आत वेळ लागायला हवा, तुम्हाला २१ लागले, आणि शेवटच्या वेळी गुडघ्यावर हात टेकलात ते त्या मुलीने मोजलं नाही. मी बघितलं.

पेजेचं आता. आई, पेज बंद कर असं मी म्हणत नाही, ती त्यांच्या पोटाला बरी लागते. पण वाडगाभर पेजेत प्रथिन तीनेक ग्रॅम. दोन चमचे कुळथाच्या पिठाची पिठी म्हणजे पाच ग्रॅमसुद्धा नाही. एका अंड्यात सहा. बांगड्याचं शंभर ग्रॅम मांस पोटात गेलं तर वीसच्या आसपास. या आजारात किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त, जमलं तर दीडपर्यंत द्यावं असं धरतात. बाबांची किडनी एकच, तिचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.३, म्हणून आहारवाल्या बाईंनी डॉक्टरांना विचारून ६० ते ६५ ग्रॅम ठरवून दिलंय. वाडीत कुणीतरी सांगितलं की एक किडनी असली की अंडी, डाळ सगळं बंद, आणि तू बंद केलंस. त्यांच्या घरच्या माणसाचं डायलिसिसच्या आधीचं पथ्य होतं ते. आपलं वेगळं आहे. अंडं उद्यापासून परत सुरू, सकाळी एक, संध्याकाळी एक.

दुसरं. तू त्यांना उठू देत नाहीस. पाण्याचा तांब्या हातात, ताट पलंगावर, आंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं. माणूस आजारी म्हणजे पडून राहायचं हे मलाही तूच शिकवलंस, मी गोवराने पडले होते तेव्हा आठवडाभर ओटीवरसुद्धा येऊ दिलं नव्हतंस. पण पडून राहिलं की मांस आणखी झरतं. बाबांनी पाणी स्वतः उठून घ्यायचं. दिवसातून तीनदा पायरीवरून दहा वेळा उठायचं, खांबाला न धरता. खांब जवळ असू दे, आणि तूही जवळ उभी राहा, पण हात पुढे करू नकोस. हे तुला जड जाईल. गेलेलं सगळं परत येईल असं मला कुणी सांगितलेलं नाही. गोळी, खाणं आणि हालचाल, तिन्ही एकदम लागली तर गळती थांबते का ते बघायचं.

इकडची काळजी करू नका. तुमची खोली रस्त्याच्या बाजूची नाही, मागची आहे, खिडकीतून आंब्याचं एक झाड दिसतं. रायवळ आहे, बाबा नावं ठेवतील. कमोडशेजारी धरायला दांडा बसवून घेतला. चौथा मजला आहे पण वीज गेली तरी लिफ्ट चालते. उकडे तांदूळ मालवणी दुकानातून दहा किलो आणून ठेवलेत, कुळथाचं पीठ मात्र तू घरचंच आण. पेपर सकाळी सहाला येतो. झोपाळा नाही, त्याला माझा इलाज नाही. मासे मिळणार नाहीत असं म्हणू नका, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद तिकडेही आणि इकडेही. आत्ताच थोडी सुरमई घेऊन फ्रीजरमध्ये ठेवतेय. तांबूचं दूध काकी काढेल, देवाजवळ दिवाही तीच लावेल, मी बोलले.

आता ऐका. आगोटीचं सुकट आणि खारे बोंबील जे काय भरलंय ते काकीला देऊन टाका, एवढं मीठ बाबांना नको, त्यात ही गोळी बीपी वाढवते. गुडघ्यासाठी बाबा बाजारातल्या मेडिकलमधून ती पिवळी गोळी आणतात, ती आजपासून बंद. एकाच किडनीला असल्या दुखण्याच्या गोळ्या घातक ठरू शकतात. फार दुखलं तर मला फोन करा, डॉक्टरांना विचारून सांगते. वैदूचं भस्म कपाटाच्या मागे आहे ते मला माहीत आहे, तेही नको. मागचे सगळे रिपोर्ट निळ्या पिशवीत, पिशवी आईच्या हातात, सामानात नाही. श्रावणात बाबांनी अंडी खायची. आई, रामेश्वराला जाशील तेव्हा गाऱ्हाण्यात हेही घाल, की दोष असला तर लेकीच्या माथी. बाबांनी नुसतं "होय म्हाराजा" म्हणायचं.

बाबा, शाळेच्या वाटेवरचा साकव आठवतो? पावसात खालून लाल पाणी जायचं आणि फळ्या हलायच्या. मी तुमचा हात धरायचे तो अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला मऊ भाग, माझ्या मुठीत तेवढाच मावायचा. एप्रिलमध्ये स्टेशनवर तुम्ही जिना उतरताना माझा हात धरलात तेव्हा तिथे खळगा लागला. मी हात सोडून पिशवी घेतली, तुम्हाला वाटलं असेल मला घाई होती.

कणकवलीला रमेश गाडीत बसवून देईल. ठाण्याला डब्याच्या दारात मी उभी असेन, तुम्ही उठून दाराकडे यायची घाई करू नका, गाडी थांबू दे.

तुमची,
बाय

ता. क. घड्याळ काढून पेटीत ठेवू नका, घालूनच या. आणि आई, फणस आणू नकोस. बरं, एक आण. कापा.