इयागोच्या चेहऱ्यावर कपट दिसू नये

मा. संपादक, स.न.

रविवारच्या पुरवणीत शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरील लेखात इयागोला, म्हणजे सेनापती ऑथेल्लोच्या मनात बायको डेस्डिमोनाबद्दल संशय पेरणाऱ्या त्याच्या हाताखालच्या माणसाला, दात-ओठ खाणारा खलपुरुष म्हटले आहे. तो पाताळयंत्री आहे यात वाद नाही, पण दात-ओठ तो कधीच खात नाही. पुष्कळ प्रयोग फसतात ते इथेच. देवलांच्या 'झुंझारराव' या रूपांतरापासून (१८९०) हे नाटक मराठी रंगभूमीच्या ओळखीचे आहे, म्हणून हे लिहावेसे वाटले.

नाटकातले बहुतेक सगळे इयागोला 'प्रामाणिक' म्हणतात. मूळ संहितेत या अर्थाचे शब्द पन्नासहून अधिक वेळा येतात. नटाने पहिल्या प्रवेशापासून भुवया उडवल्या तर ऑथेल्लो निव्वळ मूर्ख दिसतो आणि त्याच्याबद्दल हळहळ वाटेनाशी होते. इयागोच्या पोटातले प्रेक्षकांना स्वगतांतून कळतेच. ते ऑथेल्लोसमोर चेहऱ्यावर आणायचे कारण नाही.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश बारकाईने वाचावा. डेस्डिमोनाशी बोलून ऑथेल्लोचा दुय्यम अधिकारी कॅसिओ निघतो, तेव्हा इयागो पुटपुटतो, 'हं, हे काही बरं नाही.' ऑथेल्लोने 'काय म्हणालास?' विचारल्यावर 'काही नाही.' पुढे एक साधा प्रश्न: तुमचे प्रेम जुळत होते तेव्हा कॅसिओला ते ठाऊक होते का? मग तो ऑथेल्लोचेच शब्द परत करत राहतो. 'तो प्रामाणिक नाही का?' 'प्रामाणिक, सरकार?' 'तुला काय वाटतं?' 'वाटतं, सरकार?' आरोप एकही नाही, आणि संशय ऑथेल्लोच्याच तोंडून बाहेर येतो. ही उत्तरे देताना नट थांबला पाहिजे. ती घाईने उरकली की प्रवेश कोसळतो.

शिवाय तो खऱ्याचाच वापर करतो. 'तिने बापाला फसवून तुमच्याशी लग्न केलं' हे पहिल्या अंकात तिचा बाप ब्रॅबान्शिओ यानेच बजावलेले असते. नोकरी गेलेल्या कॅसिओला 'डेस्डिमोनाकडे रदबदली कर' हा दिलेला सल्लाही वरवर उत्तमच. त्याच कॅसिओला तो सांगतो की लौकिक ही पोकळ गोष्ट आहे, आणि ऑथेल्लोला सांगतो की चांगले नाव हाच माणसाचा खरा दागिना. उघड खोटे, म्हणजे कॅसिओचे स्वप्नातले बरळणे आणि ऑथेल्लोने डेस्डिमोनाला दिलेल्या रुमालाने दाढी पुसणे, तो पकड घट्ट झाल्यावरच काढतो.

वेळ वाचवायला कॅसिओची प्रेयसी बियांका हिला कात्री लावतात, त्याने फार नुकसान होते. चौथ्या अंकात इयागो कॅसिओला बियांकाबद्दल छेडतो. आडून ऐकणाऱ्या ऑथेल्लोला वाटते की ते हसणे डेस्डिमोनावर आहे. तेवढ्यात बियांका तोच, इयागोने कॅसिओच्या खोलीत टाकलेला, रुमाल घेऊन येते. ती नसेल तर ऑथेल्लोला डोळ्यांनी दिसलेला पुरावाच उरत नाही.

रुमालाबाबत शेक्सपिअरने केलेला एक बदल फार मोलाचा आहे. ज्या इटालियन कथेवरून (चिंथिओ, १५६५) नाटक बेतले, तिच्यात इयागोच्या जागी असलेला निशाणदार (ध्वज वाहणारा सैनिक) हा रुमाल स्वतःच चोरतो. नाटकात रुमाल डेस्डिमोनाच्या हातून पडतो आणि इयागोची बायको एमिलिया तो उचलून नवऱ्याला देते. म्हणूनच शेवटी ऑथेल्लो रुमालाचे नाव काढतो त्या क्षणी एमिलियाला सगळे उमगते. नवरा तलवार उपसतो तरी ती बोलते आणि त्याच्याच हातून मरते. त्यानंतर इयागो तोंड उघडायचे नाकारतो. एमिलियाचे काम म्हणूनच कसलेल्या नटीला द्यावे.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली