बावखलाचं कारण

प्रिय बाय,

आत्याला फोन केला होता. तू माहीमला नीट पोचलीस, जेवलीस, एवढं तिने सांगितलं. तुला फोन दे असं मी म्हणालो नाही. दिला असता तर मी परत आवाज चढवला असता. लिहिताना माणूस दमाने घेतो, असं तुझे आजोबा म्हणायचे. त्यांनी जन्मभर दुधाच्या हिशेबापलीकडे काही लिहिलं नाही, ती गोष्ट वेगळी.

मम्मी माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पण आपटून.

एक गोष्ट आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे पुन्हा तिच्यावर येणार नाही. रात्री आठनंतर त्या स्कुटीवरून एकटी येऊ नकोस. सोपारा स्टेशनवरून धाकट्याला फोन कर, तो येईल घ्यायला. बस, झालं सांगून.

आता रविवारचं. मिस्सा संपल्यावर फादरांनी तुला वेदीजवळ बोलावलं आणि तू माइक हातात घेतलास, तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. विकास आराखडा करताना आधी आज जमिनीवर काय आहे त्याचा नकाशा करतात, वाडी, विहीर, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, हे त्या नकाशावर आलं नाही तर पुढे कागदावर ती मोकळी जागा ठरते, आणि मोकळ्या जागेवर काहीही होऊ शकतं, हे तू शेजारच्या म्हातारीला कळेल असं सांगितलंस. आपल्या चर्चच्या धर्मग्रामातल्या पोरांनी घराघरात जाऊन बावखलं मोजायची, ही तुझीच कल्पना ना? माझ्या पुढच्या बाकावरच्या माणसाने मागे वळून विचारलं, "तुमचीच ना?" मी हो म्हणालो. त्या वेळी माझं तोंड कसं झालं असेल ते तू पाहिलं नाहीस, ते बरंच झालं.

आणि अर्ध्या तासाने हॉलमध्ये मीच तुझ्यावर ओरडलो. चर्चने मिस्सा करावी, नकाशे कशाला करावेत, असं चारचौघांत म्हणालो. ते वाक्य माझं नव्हतं, बाय. ३६-३७ वर्षांपूर्वी हेच वाक्य लोकांनी हरित वसईची चळवळ उभी करणाऱ्या फादर दिब्रिटोंना ऐकवलं होतं, आणि तेव्हा त्यावर हातघाईवर येणारा पोरगा मी होतो.

१९८८-८९ चे ते दिवस. वसईचा हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा होणार म्हणून गावं हादरली होती. हरित वसई संरक्षण समितीची पत्रकं मी सायकलच्या कॅरिअरला बांधून भुईगावपासून नंदाखालपर्यंत वाटली. तुझी आजी, जिला पापडीच्या बाजारापलीकडचं जग ठाऊक नव्हतं, ती लाल लुगडं नेसून मोर्चात चालली. तिला कुणी विचारलं, आराखडा म्हणजे काय? ती म्हणाली, "ते मला नाय ठाव, पण माझी विहीर खारी होते ते मला ठाव हाय." ते खरंच होतं. गावातल्या विहिरींना पंप लावायचे, टँकर भरायचे आणि सोपारा-विरारच्या इमारतींना पाणी विकायचे. गोडं पाणी उपसलं की समुद्राचं आत सरकतं. पहिल्यांदा पाण्याला मचूळ चव आली, मग पानवेल पिवळी पडली. एके काळी इथल्या पानांच्या करंड्या आगगाडीने पार उत्तरेला जायच्या. आता वाडीत पानवेल दाखवा म्हटलं तर शोधावी लागते.

त्या इमारतींतल्या लोकांचा मला तेव्हाही राग नव्हता. मुंबईत परवडत नाही म्हणून ती माणसं आली, त्यांनाही तहान लागतेच. राग होता तो ज्यांनी पाण्याची सोय न करता घरं विकली त्यांच्यावर. जबाबदारीने नियोजन करा म्हणजे आधी पाणी, गटार, रस्ता आणि मग माणूस, एवढंच समिती म्हणत होती. १९९० साली सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं, २००९ साली महापालिका झाली, २०१६ मध्ये एमएमआरडीएचा प्रादेशिक आराखडा आला, आणि दर वेळी आम्ही हरकतींचे गठ्ठे बांधले. दर वेळी काहीतरी वाचलं आणि काहीतरी गेलं. आपल्यातल्याच लोकांनी जमिनी विकल्या, हेही लिहायला हवं. नुसता बाहेरच्यांना दोष देऊन

हे पाहा, मी भाषण द्यायला लागलो. तू त्यातलीच पदवी घेतलेली, आणि मी केळीवाला तुला आराखडा शिकवतोय. माफ कर.

स्कुटीचं मी उगाच म्हणत नाही. शनिवारी संध्याकाळी एक माणूस आला होता. स्वच्छ सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. कोण, कुणाकडून, काही बोलला नाही. जमिनीचं काम करतो एवढंच. चहा घेतला, मम्मीच्या सोनचाफ्याचं कौतुक केलं. जाताना चपला घालत म्हणाला, "ताई रात्री उशिरा येतात ना स्कुटीवरून? गासचा रस्ता तसा अंधारी आहे." बस, एवढंच. यात धमकी कुठे आहे, तू विचारशील. पोलिसांत जाऊन सांगितलं तर तेही हेच विचारतील. पेढे मी कोंबड्यांना घातले. मम्मीला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

मोठ्या काकाचा डावा खांदा वर होत नाही, तो का, हे तुला माहीत आहे. तेव्हाही आधी कुणीतरी चहा घेऊन गेलं होतं.

म्हणून मी म्हणालो की बावखलं मोजणाऱ्यांच्या यादीतून तुझं नाव काढ, दुसऱ्या कुणाचं घाल. हे बोलताना लाज वाटली. दुसरं कुणी म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी मुलगीच ना.

तू गोव्याचं उदाहरण दिलंस. तिथे २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा जाहीर झाला, लोक उठले, चर्च त्यांच्या मागे उभं राहिलं आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो मागे घ्यावा लागला. मोल्लेच्या जंगलासाठीही पोरं आणि चर्च एकत्र आले. सगळं खरं. पण गोवा अख्खं राज्य आहे. आपण मुंबईच्या मागच्या दारी राहतो, आणि मागच्या दारी काय टाकतात ते तुला सांगायला नको. पोप फ्रान्सिसचं २०१५ चं ते परिपत्रक तू मला वाचायला दिलं होतंस, 'लाउदातो सी'. मी पूर्ण वाचलं नाही, पण पृथ्वी हे आपलं सगळ्यांचं घर, एवढं ध्यानात राहिलं. दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये गेले. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी केळीच्या बागेत होतो, आणि घरी येऊन उगाच जुन्या पत्रकांचा डबा काढला. वाळवी लागली होती. आपण केव्हा थांबलो, हे आठवेना.

खरं सांगायचं तर आठवत होतं.

हॉलमध्ये तू वही उघडलीस आणि सगळ्यांसमोर वाचलंस: बावखल, बुजवलेलं, मालक म्हणून माझं नाव. मग माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने विचारलंस, "पप्पा, कारण काय लिहू?" त्या प्रश्नाने माझं डोकं फिरलं. पेढेवाल्याचं निमित्त मी नंतर जोडलं. भीती खरीच होती, पण मी ओरडलो ते भीतीने नाही.

तुला आम्ही सांगितलं होतं की डास होतात, मलेरिया होईल म्हणून बुजवलं. तू तेव्हा बारावीला होतीस, आजीबरोबर खिडकीत उभी राहून डंपर मोजत होतीस. बावीस झाले. आजी मधेच उठून रोझरी घेऊन आत गेली आणि रात्री जेवली नाही. डासांचं खोटं होतं, बाय. आर्किटेक्चरची फी भरायची होती, आणि बँकेत गहाण ठेवायला जी वाडी होती तिच्यावर आधीच काकाच्या ऑपरेशनचं कर्ज होतं. बावखलाचा तुकडा घेणारा म्हणाला, भरून द्याल तर भाव चांगला देईन. दिलं भरून. तू पाच वर्षं शिकलीस ती त्या पाण्यावर.

हे मी तुला कधी सांगणार नव्हतो. तू दुखावशील म्हणून, की माझी लाज निघेल म्हणून, ते मलाही नीट कळत नाही.

त्या बावखलात मी कमरेला दोन सुके नारळ बांधून पोहायला शिकलो. तूही तिथेच शिकलीस, फक्त तू नारळ सोडून दिलेस आणि मम्मी काठावरून किंचाळली. पावसाळ्यात ते काठोकाठ भरायचं, ते पाणी जमिनीत मुरून विहिरीत यायचं आणि मे महिन्यापर्यंत विहीर गोडी राहायची. आता मार्चमध्येच चहा खारट लागतो. आणि त्या जागी जी इमारत आहे, तिच्या पार्किंगमध्ये दर जुलैला गुडघाभर पाणी साचतं. वॉचमन मोटर लावून ते रस्त्यावर सोडतो. २०१८ च्या पावसात मिठागरात माणसं अडकून पडली तेव्हा मी आमच्या रस्त्यावरच्या पाण्यात उभा होतो, आणि मला वाटत होतं की याच्यातलं थोडं पाणी माझं आहे.

तर वहीत लिहून घे. लांबी नव्वद फूट, रुंदी चाळीस. खोली उन्हाळ्यात पुरुषभर, पावसात दीड. दगडी पायऱ्या उत्तरेला, सात, त्यातल्या वरच्या दोन अजून कुंपणाच्या भिंतीखाली दिसतात, दाखवीन. बुजवलं २०१०, एप्रिल. कारणाच्या रकान्यात 'मुलीची फी' असं लिही. लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. बाकीच्या वाड्यांतलीही खरी कारणं मला बरीच ठाऊक आहेत. मी बरोबर आलो तर लोक तुझ्यापेक्षा मला लवकर सांगतील. कुणाची फी, कुणाचं लग्न, कुणाचं गल्फचं तिकीट. पोरांना ते डासच सांगणार.

येत्या रविवारी ये. यादीतलं तुझं नाव राहू दे, खाली माझं घाल. मम्मीने सुकेळी, वाळवलेली केळी, काढून ठेवलीत, तुझ्यासाठी म्हणून मला हात लावू देत नाही.

आणि स्कुटीचा मागचा दिवा बंद होता, तो आज बसवून घेतला. टायरही बदलला. तरी आठनंतर फोन कर.

तुझा,
पप्पा